स्वतःचे दुकान

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



व्यवसाय या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना संयोजकांनी केली. निवृत्त बँक अधिकारी म्हणजे व्यवसायातला जाणकार, असा त्यांचा समज झाला असावा. वस्तुस्थिती अशी आहे की, मी आयुष्यात एका पैशाचाही व्यवसाय केलेला नाही. एकोणचाळीस वर्षे मी पगार घेतला आणि आता निवृत्तिवेतन घेतो. परंतु या एकोणचाळीस वर्षांत एक दुकान मात्र मी अखंड चालवले. त्याला भाडे नव्हते, परवाना नव्हता आणि पत्ताही नव्हता, कारण ते केवळ माझ्या मनात होते.

दुकान लेखनसाहित्याचे आणि पुस्तकबांधणीचे होते. वळणावरची जागा, दर्शनी बाजूला काचेची कपाटे, आत लाकडी फळ्यांवर कोऱ्या वह्यांच्या चळती, खळीचा आणि कागदाचा वास. त्याचे नाव मी निदान वीस वेळा बदलले असेल. बँकेतल्या रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीवर मी त्याचे नकाशे काढीत असे. वरिष्ठांनी बोलून घेतले की त्या दिवशी दुकानाला एक नवे कपाट येई. बदलीचा हुकूम आला की माझे दुकान दुमजली होई. निवृत्तीला दोन वर्षे राहिली, तेव्हा त्याचा विस्तार एवढा झाला होता की, प्रत्यक्षात तसे दुकान काढायचे तर माझ्याच बँकेने मला कर्ज नाकारले असते.

असे दुकान चालवणारे या सभागृहात माझ्याखेरीज आणखीही असतील. कोणाचे पोळीभाजी केंद्र असेल, कोणाची कोकणातली चार खोल्यांची निवासव्यवस्था, कोणाची शिकवणी, कोणाचा मसाल्यांचा कारखाना. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण लहानपणी ऐकली आणि घरोघरी ती उलटी करून आचरली. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना तर नोकरी म्हणजे पायाखालची जमीन वाटली. म्हणून मग उरलेली हौस आपण दिवास्वप्नात भागवतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मी आज त्या स्वप्नाविषयीच बोलणार आहे. त्यासाठी मात्र मला एका खऱ्या दुकानाची हकिकत सांगावी लागेल. ते दुकान या शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांवर होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हैदराबादेस आले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानाचाच भाग होता आणि कामधंद्यासाठी राजधानीत यावे ही रीतच होती. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि अण्णा येथेच राहिले. पत्थरगट्टीतल्या एका कापडाच्या पेढीवर ते मुनीम होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि पै-पैचा हिशेब जुळल्याशिवाय ते पेढीवरून उठत नसत. १९६६ साली, मी पहिलीत दाखल झालो त्याच वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि शाळेजवळ आठ फूट बाय दहा फुटांची एक खोली भाड्याने घेऊन शालेय साहित्याचे दुकान घातले. वह्या, पाट्या, पेन्सिली, शाई, कंपासपेट्या आणि खाकी कॅनव्हासची दप्तरे. आपल्यातले जे साठी ओलांडलेले आहेत, त्यांतल्या काहींना ते दुकान आठवत असेल. दुकानाच्या पायरीवर बसून मद्रासहून येणारा ‘चांदोबा’ फुकट वाचता येत असे, हे तर नक्कीच आठवत असेल.

शाईच्या बाटल्या मांडताना अण्णा आम्हा मुलांना सांगत की, ही शाई करणाऱ्या दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या यांपासून सुरुवात केली होती, आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. अण्णांच्या मनातही असे काही असावे. परंतु ते दुकान सात वर्षे चालले आणि १९७३ साली बंद झाले. उरलेला माल विकून अण्णांनी घाऊक व्यापाऱ्यांची देणी चुकती केली आणि ते पुन्हा त्याच पेढीवर, त्याच गादीवर जाऊन बसले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. वर्गात कोणी मला काही बोलले नाही. तरीही रोज त्या बंद फळ्यांसमोरून शाळेत येताना मी मान खाली घालीत असे. आपण धंद्याच्या वाटेला जायचे नाही, हे त्या वयात ठरवून टाकले. ठरल्याप्रमाणे बँकेत लागलो. मनातले दुकान सुरू झाले ते त्यानंतर.

बँकेत माझा बराच काळ छोट्या कर्जांच्या विभागात गेला. नांदेड, बेळगाव, इंदूर, कोलकाता अशा गावी बदल्या झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडे मला माझेच स्वप्न बसलेले दिसे. बेळगावला एक गृहस्थ आले. त्यांनी दुकानाच्या पाटीचे रंगीत चित्र सोबत आणले होते, नावाचे सहा पर्याय आणले होते, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे हेही ठरले होते. दररोज किती गिऱ्हाइके यायला हवीत, असे विचारल्यावर मात्र ते गप्प झाले. मला त्यांचे हसू आले नाही, कारण माझ्या पावत्यांच्या पाठीवरही पाटीच होती, आकडा नव्हता.

पुढे मी प्रत्येक अर्जदाराला एक प्रश्न विचारू लागलो: तुमचा वर्षातला सर्वांत वाईट महिना कोणता? अर्जाच्या नमुन्यात हा प्रश्न नाही. परंतु त्याच्या उत्तरावरून मला बरेच काही कळत असे. इंदूरला ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, त्यामुळे त्या चार महिन्यांत निम्मे काम राहते. म्हणून मे महिन्यातच त्या दोन शाळांच्या गणवेशांचे काम धरून ठेवतात. त्यांना दुसरे शिलाईयंत्र घ्यायचे होते. कर्ज मुदतीपूर्वी फिटले. ज्याला आपला वाईट महिना ठाऊक असतो, त्याचा धंदा बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतो. ज्याला तो ठाऊक नसतो, त्याचा धंदा अजून स्वप्नात असतो. स्वप्नातल्या दुकानात नेहमी जून महिना असतो आणि शाळा नुकतीच उघडलेली असते.

चार वर्षांपूर्वी आई गेली. तिचे कपाट आवरताना तळाशी, जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली अण्णांच्या दुकानाची खतावणी सापडली. दिवाळीच्या पाडव्याला पूजा केल्याची हळदकुंकवाची बोटे पहिल्या पानावर अजून होती. ती वही मी दोन रात्री वाचली. मुलगा म्हणून वाचायला बसलो होतो, पण हात सवयीने पेन्सिल शोधू लागला. एकोणचाळीस वर्षे परक्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने बापाची वही तशीच मिटून कशी ठेवावी?

१९७० च्या दिवाळीपासून १९७१ च्या दिवाळीपर्यंतचे वर्ष मी नमुन्यादाखल घेतले. त्या वर्षी वह्या, शाई, पेन्सिली मिळून सुमारे सहा हजार रुपयांची विक्री झाली आणि तीवर ६६० रुपये सुटले. भाडे महिना तीस रुपये, म्हणजे वर्षाचे ३६०. दिव्याचे बिल ४८ रुपये. उरले २५२. वर्षाला २५२ म्हणजे महिन्याला एकवीस रुपये. पेढीवर अण्णांना महिना ११० रुपये मिळत होते.

एकवीस रुपयांत आमचे घर चालले नसते. मग ते चालले कशावर? उत्तर पुढच्याच पानावर होते. ‘दप्तरे’ असे एक वेगळे खाते होते. एका दप्तराला कॅनव्हास, दोरा आणि बक्कल मिळून दोन रुपये साठ पैसे लागत. दप्तर साडेचार रुपयांना विकले जाई. एका दप्तरामागे एक रुपया नव्वद पैसे, आणि वर्षाला सुमारे तीनशे दप्तरे. म्हणजे ५७० रुपये. तेवढे वह्यांवर मिळवायचे तर पाच हजारांहून अधिक रुपयांच्या वह्या आणखी विकाव्या लागल्या असत्या. शिवाय वह्या जून-जुलैत खपत. दप्तरे दुसऱ्या एका शाळेच्या मागणीमुळे दिवाळीनंतरही जात.

ती दप्तरे आई शिवत असे. रात्री आम्ही झोपलो की यंत्र सुरू होई, आणि त्या आवाजात आम्हाला झोप लागे. बेगम बाजारातून कॅनव्हासचा तागा खांद्यावर टाकून अण्णा आणीत, एवढे मला आठवते. परंतु त्या खतावणीत कॅनव्हास आहे, दोरा आहे, बक्कल आहे, यंत्राला घातलेले तेलसुद्धा आहे. शिलाई मात्र कोठेही नाही. सात वर्षांत एकदाही नाही. दुकान उघडताना १,५०० रुपये भांडवल होते. त्यातल्या ६०० रुपयांपुढे दोनच शब्द आहेत: ‘जमा, घरातून’. आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे मला तेव्हा कळले.

सारे मिळून दुकानाचे वर्षाचे उत्पन्न ८२२ रुपये झाले, महिन्याला साडेअडुसष्ट. पगारापेक्षा साडेएकेचाळीस रुपये कमी, आणि तेही आईचे श्रम फुकट धरून. दुसऱ्यांचे हिशेब पै-पैने जुळवणाऱ्या मुनिमाला स्वतःच्या वहीत एवढी मोठी रक्कम लिहायची राहून गेली. आपले दुकान वह्यांचे आहे असे ते सात वर्षे समजत होते. प्रत्यक्षात ते दप्तरांचे होते. ते वेळीच दिसले असते, तर कदाचित रस्त्यावरच्या खोलीचे भाडे वाचवून त्यांनी दुसरे यंत्र घेतले असते, एखादी शिवणारी बाई हाताशी घेतली असती आणि शहरातल्या चार शाळांना दप्तरे पुरवली असती. कदाचित ते दुकान आजही असते. कदाचित नसतेही. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि छोट्या व्यावसायिकांना बँकेची दारे उघडू लागली. पण अण्णा त्या पायऱ्या कधी चढले नाहीत. हिशेबात जे लिहिलेलेच नव्हते, त्याच्यासाठी कर्ज तरी कोण मागणार?

याच शहरात, याच शाळेत, व्यवसाय कसा शिकला जातो हे मी तेव्हाही पाहू शकलो असतो. आमच्या वर्गात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली दोन मुले होती. त्यांची घरे गलाई व्यवसायातली. त्या दुष्काळी माणदेशी मुलुखातून निघून ही माणसे भारतभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानांतली झाडलोटीची धूळ यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळे काढणे हे त्यांचे काम. सोन्यात चांदी मिसळून ते वितळवतात, मग तेजाबात उकळतात; चांदी विरघळते आणि सोने तळाशी राहते. माझा तो वर्गमित्र दहावीनंतर मामाच्या भट्टीवर राहिला. आठ वर्षे त्याने दुसऱ्याची भट्टी फुंकली, धूर खाल्ला, तोळ्यामागे किती घट येते हे डोळ्यांनी ओळखायला शिकला आणि मग दुसऱ्या राज्यात जाऊन स्वतःचे दुकान घातले. त्यालाही स्वतःच्या दुकानाचे स्वप्न होतेच. पण त्याच्या स्वप्नाला भट्टीचा धूर लागलेला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपण सर्वजण देतो. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा सांगितला जात नाही. मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिक्षकाची नोकरी करीत असतानाच ते तेथून सायकली घेऊन बेळगावला धाडीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली हे खरे, पण तोपर्यंत बेळगावात गिऱ्हाईक कसे वागते, हे त्या घराला ठाऊक झाले होते. आणि तरीही पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. त्याला गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे कोणाच्याही दिवास्वप्नात नसतात.

तिसरे उदाहरण माझ्या आईच्या संदर्भात मला फार लागते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला आणि देशभर पसरला. त्या संस्थेत पापड लाटणाऱ्या प्रत्येक भगिनीला लाटण्याची मजुरी मिळते आणि तीच संस्थेची सहमालक असते. म्हणजे जे काम घराघरांत बिनमोल समजले जात होते, ते त्यांनी वहीत लिहिले. पापड आपल्याकडेही प्रत्येक घरात लाटले जात होते. फरक त्या एका नोंदीत होता.

हे ऐकून कोणी म्हणेल की, मग अण्णांनी पेढी सोडायलाच नको होती. दोन रात्री वही वाचल्यावर माझेही तेच मत झाले होते. तिसऱ्या दिवशी ते बदलले. महिन्याला साडेएकेचाळीस रुपये ही अण्णांनी स्वतःच्या मालकीसाठी मोजलेली किंमत होती. सात वर्षांचे ३,४८६ रुपये होतात. त्यांच्या बदल्यात त्यांना काय मिळाले, हे मला आठवू लागले. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला अण्णा दुपारीच दुकानाच्या फळ्या लावून पहिल्या रांगेत येऊन बसत. पेढीवर गेल्यानंतर ते एकाही कार्यक्रमाला येऊ शकले नाहीत. दुपारी ते घरी जेवायला येत. पायरीवर वाचत बसलेल्या मुलांना उठवा, असे त्यांना सांगणारा कोणी नव्हता. ती सात वर्षे त्यांच्या आवाजात जो मोकळेपणा होता, तो पुढे मी ऐकला नाही. ही किंमत जास्त होती की कमी, हे मी ठरवू शकत नाही. दुःख एवढेच आहे की त्या किमतीचा मोठा भाग आई भरत होती आणि ते तिलाही कोणी सांगितले नाही.

पालकहो, आता आपल्याशी बोलतो. आपली मुले उद्या आपल्याला सांगतील की, आम्हाला नोकरी करायची नाही, स्वतःचे काहीतरी करायचे आहे. माझ्या पिढीचे उत्तर ठरलेले होते: आधी नोकरी मिळव, मग बघू. आजच्या काही घरांत याच्या उलट उत्तर मिळते: कर, तुझ्या मनात आहे ना, मग कर. माझ्या मते दोन्ही उत्तरे मुलाला एकटे सोडतात. त्याच्या हाती एक वही द्या आणि त्याच्या शेजारी बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहा. वर्षातला सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यात घर कशावर चालेल? पैसे कोण थकवील आणि किती दिवस? घरातल्या कोणाचे काम आपण फुकट धरले आहे? आणि हे बंद करावे लागले, तर कोणाचे देणे उरेल? उत्तरे लिहून झाल्यावरही स्वप्न टिकले, तर ते स्वप्न राहत नाही, तो बेत होतो. नाही टिकले तरी वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मनातल्या दुकानाला मी हे प्रश्न निवृत्तीनंतर विचारले. तेव्हा कळले की मला दुकान नकोच होते. कोणी न रागावता शांतपणे काम करता येईल अशी एक जागा हवी होती. आता मी दर शनिवारी आमच्या भागातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वह्या विनामूल्य पाहून देतो. मला हवी होती ती जागा तेथे मिळाली आहे.

भांडवलाची वाट अण्णांच्या काळापेक्षा आज सोपी आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारण न ठेवता शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. रीतसर नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे ४५ दिवसांपेक्षा अधिक थकवले, तर गिऱ्हाइकाला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असा कायदा २००६ पासून आहे. हे आपल्या मुलांना माहीत असावे. पण शिलाईच्या रकान्यात काय लिहायचे, हे कोणतीही योजना शिकवत नाही. ते घरातच शिकावे लागते.

शेवटचे सांगतो. ती खतावणी मी आज सोबत आणली आहे आणि ती शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. तिच्यात दुकान बंद झाले त्या दिवशीची उधारीची यादी आहे, एकूण ६४० रुपयांची. त्यांतली काही आडनावे या सभागृहात बसलेल्या घरांतली आहेत. घाबरू नका, ती पाने मी चिकटवून टाकली आहेत आणि व्याजही लावणार नाही.

मात्र देण्यापूर्वी मी तिच्यात एक पान नव्याने लिहिले. खात्याचे नाव ‘आई’. एका दप्तराला एक रुपया शिलाई, वर्षाला तीनशे दप्तरे, सात वर्षांचे २,१०० रुपये. आणि ‘घरातून’ आलेले ६०० रुपये. एकूण देणे २,७०० रुपये. त्या दुकानाची सर्वांत मोठी उधारी गिऱ्हाइकांकडे नव्हती, आमच्याच घरात होती, आणि ती मागायला कोणी आले नाही. त्या रकमेवर १९७३ पासूनचे चक्रवाढ व्याज आकारून जी रक्कम होते, तिची ठेव मी शाळेच्या नावे केली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी हस्तव्यवसायात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला पारितोषिक द्यावे, आणि त्यासोबत एक कोरी खतावणीही द्यावी, एवढी माझी विनंती आहे.